सुरत लाइनवरचा ब्रह्मदेश

नंदुरबारहून सुरतेकडे निघालेली गाडी नवापूरला थांबते तेव्हा ती एकाच वेळी दोन राज्यांत उभी असते. स्टेशनाच्या मधूनच सीमारेषा गेली आहे. फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत, आणि त्यावर बसून फोटो काढणारे प्रवासी रोजचे. पुढे उकाई-सोनगड, व्यारा, बारडोली मागं टाकत गाडी सुरत गाठते. तिथं उतरून तापीचा पूल ओलांडला की रांदेर. सुरतेच्या भरभराटीआधीचं हे जुनं बंदर. रमजानच्या रात्री रांदेरच्या रस्त्यांवर खाण्याच्या गाड्यांची जत्रा भरते, आणि तिथं एका पदार्थाभोवती हमखास गर्दी असते. त्याचं नाव खावसा.

खोलगट ताटलीत उकडलेल्या नूडल्स. त्यांवर बेसन लावून दाट केलेला नारळाच्या दुधाचा पिवळसर रस्सा. वरून तळलेला कांदा, शेव, चुरलेली पापडी, लसणाची लाल चटणी आणि लिंबू. सुरतकरांना हा पदार्थ ‘लोचो’ या आपल्या खास पदार्थाइतकाच घरचा वाटतो. नाव मात्र चुगली करतं. बर्मी भाषेत नूडल्सना ‘खाउस्वे’ म्हणतात, आणि नारळाच्या दुधातल्या खाउस्वेला ‘ओन-नो खाउस्वे’. रंगूनमध्ये त्यात कोंबडी असते, वरून उकडलेलं अंडं असतं, आणि रस्सा दाट करायला असतं तेच आपलं हरभऱ्याच्या डाळीचं पीठ. सुरतेनं कोंबडीला बगल देऊन शेव वाढवली, एवढाच काय तो फरक.

म्हणजे नंदुरबारच्या माणसाला बर्मी पदार्थ खायचा असेल तर विमान लागत नाही. सुरत लाइनचं तिकीट पुरतं.

मराठी मनात ब्रह्मदेश आहे, पण तो स्वयंपाकघरात नाही. मंडाले म्हटलं की आठवतो तुरुंग. लोकमान्य टिळक 1908 ते 1914 तिथं होते आणि ‘गीतारहस्य’ तिथंच लिहिलं गेलं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. थिबा म्हटलं की आठवतो रत्नागिरीतला राजवाडा. 1885 साली इंग्रजांनी पदच्युत केलेला हा राजा पुढच्या वर्षी रत्नागिरीत आला आणि 1916 साली तिथंच वारला. तीस वर्षं एक अख्खं बर्मी राजघराणं कोकणात राहिलं, पण त्यांच्या चुलीवरचा एकही पदार्थ रत्नागिरीच्या ताटात उतरल्याचं दिसत नाही. कैद्याचा आणि राजाचा ब्रह्मदेश आपल्याकडे पोचला. व्यापाऱ्याचा ब्रह्मदेश पोचला तो गुजरातेत.

आणि पाककृती नेहमी व्यापाऱ्याच्या पेटाऱ्यातून फिरतात. ब्रह्मदेश 1937 पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. रंगूनला जायला पासपोर्ट लागत नसे, बोटीचं तिकीट लागे. 1931 च्या जनगणनेत रंगूनच्या सुमारे चार लाख वस्तीत निम्म्याहून अधिक लोक हिंदुस्थानी होते. हमाल तेलुगू, सावकार तमिळ चेट्टियार, कापडवाले आणि किराणावाले गुजराती. रंगूनमधल्या एका मोठ्या बाजाराचं नावच ‘सुरती बडा बाजार’ होतं, आणि तेव्हाच्या मोगल स्ट्रीटवरची सुरती सुन्नी जामा मशीद आजही उभी आहे. रांदेरचे व्यापारी तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिले. कुणी बर्मी बायका केल्या, कुणी निदान बर्मी जिभा केल्या.

मग दोनदा हे सगळं उधळलं. 1942 साली जपानी फौजा आल्या तेव्हा लाखो माणसं आराकान आणि मणिपूरच्या डोंगरांतून पायी हिंदुस्थानात आली, हजारो वाटेतच मेली. दुसऱ्यांदा उधळलं 1962 साली जनरल ने विन यांनी सत्ता घेतल्यावर. दुकानं आणि पेढ्या सरकारजमा झाल्या, 1964 मध्ये पन्नास आणि शंभर क्यातच्या नोटा रद्द झाल्या, आणि तीन लाखांच्या आसपास भारतीय वंशाचे लोक जवळपास रिकाम्या हातांनी परतले. सोनं बंदरावर काढून घेता येतं. जिभेवरची चव काढून घेता येत नाही. चेन्नईत या परतलेल्यांसाठी 1969 साली बीच स्टेशनजवळ ‘बर्मा बाजार’ वसला, आणि त्याच्या आसपासच्या गाड्यांवर ‘अथो’ विकला जाऊ लागला: हातानं कालवलेल्या नारिंगी नूडल्स, कोबी, तळलेला कांदा, चिंचेचं पाणी, आणि सोबत केळीच्या खोडाचं गरम सार. ते गाडेवाले आजही आहेत. ‘अस्सल बर्मी जेवण देणारं गल्लीतलं हॉटेल’ भारतात पाहायचं असेल तर ते हे. वर पत्रा, खाली बाकडं, आणि बनवणाऱ्याच्या घरात रंगूनची आठवण.

महाराष्ट्रात ही गोष्ट फार उशिरा, आणि वेगळ्या कपड्यांत आली. मुंबईच्या श्रीमंत घरांत ‘खाऊ सुए’ अनेक वर्षं पार्टीचा पदार्थ म्हणून मिरवत होताच. दहा वाट्यांत दहा प्रकारचं वरून पेरायचं साहित्य मांडलं की पाहुणे खूश. पण फक्त बर्मी जेवणाचं, गाजलेलं हॉटेल निघालं ते 2014 साली, फोर्टात, काळा घोड्याजवळ. नाव ‘बर्मा बर्मा’. काढणारे अंकित गुप्ता आणि चिराग छाजेर. गुप्तांच्या आईचं बालपण ब्रह्मदेशात गेलेलं, म्हणजे पुन्हा तोच परतलेल्यांचा धागा. दोघांनी ठरवलं, मांस नाही, मासे नाहीत, दारू नाही. भारतातल्या हॉटेल धंद्यातल्या जाणत्यांना यातली शेवटची अट आत्मघातकी वाटावी, कारण मोठ्या शहरातल्या महागड्या जागेचं भाडं बहुतेकदा दारूच्या नफ्यातून निघतं. त्यांनी दारूच्या जागी चहा मांडला. हॉटेल चाललं. पुढे दिल्लीच्या आसपास, बंगळूर, कोलकाता, हैदराबाद, अहमदाबाद अशा शहरांत शाखा निघाल्या.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. बर्मी जेवण आणि शाकाहारी? हे म्हणजे मालवणी खानावळीत फक्त वरणभात. आक्षेपात तथ्य आहे. बर्मी स्वयंपाकाचा कणा ‘ङपी’ हा आहे, मासळी किंवा कोळंबी मिठात आंबवून केलेला उग्र वासाचा लगदा. तो भाजीत असतो, चटणीत असतो, नुसता पातळ करून कच्च्या भाज्यांसोबत ताटात असतो. पण आक्षेप अर्धवटही आहे. ब्रह्मदेश बौद्धांचा देश. तिथं वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, अनेक घरांत मांस वर्ज्य असतं. आपला चातुर्मास आणि त्यांचा वर्षावास पंचांगात जवळजवळ शेजारी बसतात. शाकाहारी जेवणाला तिथं स्वतंत्र शब्द आहे, ‘तत्-तत्-लु’, म्हणजे जीव घेण्यापासून मोकळं. आणि ङपीच्या जागी काय घालायचं याचं उत्तरही त्यांच्याच देशात आहे. डोंगराळ शान प्रांतात सोयाबीन उकडून, आंबवून, कुटून त्याच्या पापडासारख्या चकत्या वाळवतात, त्या भाजून चुरल्या की मासळीच्या खमंगपणाच्या बऱ्याच जवळ जाता येतं. अस्सलपणाच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी हे विचारावं, की कुठल्या प्रांताचं, कुठल्या महिन्यातलं, कुणाच्या घरचं अस्सल?

आता मुंबई सोडून परत नंदुरबारला येऊ.

1998 साली धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. सहा तालुके, वर सातपुडा, मधून तापी, उत्तरेच्या टोकाला नर्मदा, आणि दर दहा माणसांतली सात आदिवासी. जिल्ह्याच्या गावाची वस्ती लाखभर. इथं बर्मी हॉटेल काढायचं म्हटलं तर पहिली प्रतिक्रिया हसण्याची असेल. पण हसण्याआधी कुणीतरी बर्मी भटारखान्यात लागणाऱ्या सामानाची यादी करावी आणि ती घेऊन नंदुरबारच्या बाजारात फिरावं. यादीतलं पाऊणशे टक्के सामान पिशवीत पडलेलं असेल, आणि तेही ताजं.

सुरुवात मिरचीपासून. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ देशातल्या मोठ्या बाजारपेठांत मोजली जाते. हंगामात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लालभडक मिरची वाळत पडलेली असते आणि रस्त्यानं जाणारा मोटारसायकलवाला शिंकत जातो. बर्मी जेवण थाई जेवणाइतकं जहाल नसतं. तिखट बहुधा बाजूला असतं, तेलात परतलेल्या सुक्या मिरचीच्या भरडीच्या रूपात, ज्याचं त्यानं घ्यावं. तिचा एक थोर प्रकार म्हणजे ‘बलाचाउं’: सुकी कोळंबी, लसूण, कांदा आणि मिरची तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतायची. जवळ्याच्या सुक्या चटणीची ही सख्खी बहीण. आठवडी बाजारात सुकटवाल्या मावशीपुढे उभं राहिलं की निम्मं बलाचाउं तयार.

मग तेल. वरच्या ब्रह्मदेशात शेंगदाण्याचं आणि तिळाचं तेल चालतं. कांदा, लसूण, आलं, हळद, तिखट तेलात इतकं परतायचं की पाणी आटून तेल वर यावं. या पद्धतीला ते ‘सी-प्यान’ म्हणतात, शब्दशः ‘तेल परत आलं’. खानदेशी शेवभाजीवरची तर्री पाहिलेल्या माणसाला हे शिकवायला नको. तेल परत आल्याशिवाय इथंही कुणी पातेलं उतरवत नाही.

खरी गंमत डाळीच्या पिठात आहे. तोफू म्हटलं की सोयाबीनचा पांढरा ठोकळा डोळ्यांपुढे येतो. शान प्रांतातला तोफू पिवळा असतो, कारण तो हरभऱ्याच्या पिठाचा असतो: पीठ, पाणी, हळद, मीठ, सतत ढवळत दाट करायचं, ताटात ओतायचं, थंड झालं की वड्या पाडायच्या. खानदेशातली कुठलीही बाई हे वाचून म्हणेल, ही तर पातोडी. थोडा फरक आहे, शान तोफूत फोडणी नसते आणि तो जास्त लुसलुशीत असतो. पण हात तोच, उलथनं तेच, गुठळी होऊ नये म्हणूनची घालमेल तीच. हाच तोफू घट्ट व्हायच्या आत, गरम आणि ओघळता असताना नूडल्सवर ओततात, वरून लसणाचं तेल आणि शेंगदाण्याचं कूट. त्याला ‘तोफू न्वे’ म्हणतात. पिठलं-नूडल्स म्हटलं तरी कुणी कोर्टात खेचणार नाही.

अंबाडी. महाराष्ट्रात तिची भाजी होते, भाकरीबरोबर वर्षातून काही वेळा खाल्ली जाते आणि शहरात गेलेली मुलं तिची आठवण काढतात. ब्रह्मदेशात अंबाडीचा पाला हे रोजचं अन्न आहे. नाव ‘चिं-बाउं’, म्हणजे आंबट पाला. तो बांबूच्या कोवळ्या कोंबांबरोबर, हिरव्या मिरचीबरोबर आणि सुक्या कोळंबीबरोबर परतात. सातपुड्यात पावसाळ्यात बांबूला कोंब फुटतात, ते तिथल्या घरांत खाल्ले जातात. अंबाडी आणि कोंब एकाच हंगामात, एकाच बाजारात. आजवर कुणी त्यांची एका कढईत गाठ घालून दिली नाही, एवढंच.

‘मोहिंगा’ हा ब्रह्मदेशाचा पोह्यांइतका घरोघरचा न्याहारीचा पदार्थ. गोड्या पाण्यातल्या मागूर जातीच्या माशाचा काटे काढलेला दाट रस्सा, त्यात भाजलेलं डाळीचं किंवा तांदळाचं पीठ, आलं, लसूण, गवती चहा, आणि केळीच्या खोडाचा आतला कोवळा गाभा. खाली तांदळाच्या शेवया. यातल्या प्रत्येक गोष्टीपाशी नंदुरबारचा माणूस थांबू शकतो. मासे उकाईच्या आणि नर्मदेच्या जलाशयात आहेत. गवती चहा कुठल्याही परसात आहे; आपण तो चहात घालून संपवतो, बर्मी बाई त्याचा गड्डा ठेचून रश्श्यात टाकते. तांदूळ नवापूरकडे पिकतो. आंबवलेल्या तांदळाच्या पिठाच्या शेवया उकळत्या पाण्यात पाडायला जो साचा लागतो तो कुरडया घालणाऱ्या घरात सोऱ्या म्हणून टांगलेलाच असतो. कोकणातल्या शिरवाळ्यांचीही हीच पद्धत. आणि केळीचं खोड? शहाद्याकडच्या बागांत घड उतरवला की खोड आडवं पडतं. कुजतं, नाहीतर गुरांपुढे जातं. त्याच्या गाभ्यासाठी हॉटेलवाल्यानं पैसे मोजायला काढले तर शेतकरी आधी त्याच्याकडे संशयानं पाहील.

डाळींची गोष्ट तर उलटीच आहे. बर्मी शेतकरी उडीद मोठ्या प्रमाणावर पिकवतो तो मुख्यतः भारतासाठी. त्यांच्या स्वतःच्या ताटात तो फारसा नसतो. 2021 साली झालेल्या करारानुसार दर वर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर म्यानमारमधून भारतात आणायचं ठरलं, पाच वर्षांसाठी. मुंबईच्या दलालांच्या भाषेत तिकडच्या तुरीला ‘लेमन तूर’ म्हणतात. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, तिचा अभिमान रास्तच. पण आमटीच्या किंवा उडदाच्या घुट्याच्या वाटीत इरावतीच्या काठचं काहीतरी शिजून गेलं असण्याची शक्यता खाणाऱ्यानं गृहीत धरायला हरकत नाही.

एवढं सगळं हाताशी असताना अडचण कुठं येते? पहिली अडचण चहाच्या पानाची.

ब्रह्मदेशात चहा पितात तसा खातातही. शान डोंगरांत मुख्यतः पलाउंग लोक चहाची कोवळी पानं खुडतात, वाफवतात, चोळतात आणि बांबूच्या टोपल्यांत किंवा जमिनीतल्या खड्ड्यांत दाबून, वर वजन ठेवून काही महिने मुरू देतात. बाहेर निघतो तो ‘लाफे’: काळपट हिरवा, आंबट, तुरट, किंचित कडू. तो तेलात, लसणात भिजवून ठेवतात. त्याची कोशिंबीर म्हणजे ‘लाफे थोउ’. कोबी, टोमॅटो, तळलेल्या डाळी, शेंगदाणे, तीळ, तळलेला लसूण, हिरवी मिरची, लिंबू आणि मधोमध लाफे. पहिला घास घेणाऱ्याला काय म्हणावं सुचत नाही, तिसऱ्या घासाला तो बोलायचं थांबतो. पूर्वी तंटा मिटला की दोन्ही पक्ष एकत्र लाफे खात. आजही पाहुण्यापुढे लाखेच्या कप्प्याकप्प्यांच्या डब्यातून तो येतो, आपल्या पानसुपारीच्या तबकासारखा.

हा लाफे नंदुरबारात पिकत नाही आणि भारतातल्या बाजारात सहज मिळत नाही. मणिपुरातलं मोरे हे सीमेवरचं गाव अशा मालाचं जुनं दार होतं. गंमत म्हणजे तिथंही ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळांची वस्ती आहे. पण आधी कोविड, मग फेब्रुवारी 2021 मधला म्यानमारचा लष्करी उठाव, मग 2023 पासूनचा मणिपुरातला हिंसाचार. ते दार कधी उघडं, कधी बंद. त्यात माल निर्धोक हवा. 2009 साली म्यानमारमधल्याच आरोग्य खात्याला लाफेच्या अनेक ब्रँडांत ‘ऑरामाइन ओ’ हा कापडाला वापरायचा रंग सापडला होता. रंग खुलावा म्हणून घातलेला. तेव्हा कुणी ओळखीचा ‘आणून देतो’ म्हणाला म्हणून पिशवी घेतली, असं या मालाबाबत चालत नाही. आयातीचा रीतसर कागद, अन्नसुरक्षा खात्याची मंजुरी, आणि पुरवठा खंडित झाला तर यादीतून पदार्थ काढून टाकायची तयारी हवी. ज्या पदार्थासाठी लोक आले तोच नसेल, ही बर्मी हॉटेलवाल्याची कायमची धाकधूक.

दुसरी अडचण नारळाची. खानदेश सुक्या खोबऱ्याचा मुलूख. काळ्या मसाल्यात भाजलेलं खोबरं हवंच, पण ओल्या नारळाचं दूध हे इथं कोकणातलं आणि दक्षिणेतलं प्रकरण. नारळ बाहेरून येणार, म्हणजे खाउस्वे महाग पडणार. सुरतेच्या खावसावाल्यांनी याचा तोडगा काढलेला आहेच, बेसन जास्त, नारळ कमी. कुणी त्याला भेसळ म्हणेल, पण रांदेरच्या आजीनं जमवलेलं हे गणित आहे.

तिसरी अडचण पाहुण्याला दिसत नाही, पण हॉटेल तीच बुडवते. बर्मी कोशिंबिरीला ‘थोउ’ म्हणतात, अर्थ ‘हातानं कालवलेलं’. ती आधी करून ठेवता येत नाही. पण तिच्यात पडणाऱ्या दहा गोष्टी आधी करून ठेवाव्या लागतात. कांदा तळलेला, लसूण तळलेला, लसणाचं तेल, भाजलेलं डाळीचं पीठ, तीळ भाजलेले, दाणे भाजलेले, पावट्याच्या डाळी तळलेल्या, चिंचेचा कोळ, मिरचीची भरड, पातळ चिरलेला कोबी. सकाळभर दोन माणसं हेच करत बसतात. एका अर्थानं बर्मी भटारखाना म्हणजे कायम चाललेली चिवड्याची तयारी. आणि चिवड्याचा वैरी तो यांचाही वैरी: जुलैची हवा. झाकण नीट लागलं नाही की तळलेला लसूण सादळतो, आणि सादळलेल्या लसणाची कोशिंबीर म्हणजे चिंचेच्या पाण्यातला कोबी. मोठ्या शहरातल्या हॉटेलात वातानुकूलित कोठार असतं. इथं वीज गेली तर? हवाबंद डबे, छोटे घाणे, रोजचं रोज तळण. दुसरा उपाय नाही. बरं, हे काम ज्यांच्या हातात आहे अशा बाया गावात आहेत. पापड, कुरडया, चिवडे करून विकणाऱ्या बचत गटांना पातळ कांदा एकसारखा सोनेरी कसा तळायचा हे मंडालेहून कुणी येऊन सांगायला नको. त्यांना शिकवायची ती चव. आंबट, तुरट, खारट आणि कुरकुरीत हे चारही एका घासात यायला हवेत, आणि गोडा किंवा काळा मसाला कितीही हाताशी असला तरी टाकायचा नाही. बर्मी रश्श्यात धने-लवंग-दालचिनीची गर्दी नसते. खानदेशी आचाऱ्याला सगळ्यांत जड जाईल ते हेच, डबा न उघडणं.

हॉटेलाचा घाट कसा असावा, यावर मुंबईची नक्कल करण्यात अर्थ नाही. ब्रह्मदेशातच एक तयार नमुना आहे: चहाचं दुकान, ‘लाफे-ये साइं’. बुटकी टेबलं, त्याहून बुटकी स्टुलं, प्रत्येक टेबलावर फुकट साध्या चहाची किटली, आणि ऑर्डर दिल्यावर कंडेन्स्ड मिल्क घातलेला दाट गोड चहा. गोड-सायीचा हवा तर ‘चो-सें’, कडक हवा तर ‘चा-सें’, जसं आपल्याकडे ‘कटिंग’ आणि ‘कडक स्पेशल’. सोबत ‘समूसा’, ‘पलाता’, ‘नानब्या’. नावं ओळखीची वाटली तर बरोबर आहे. सामोसा, पराठा आणि नान हिंदुस्थानी माणसांनीच तिकडे नेले, आणि चहाची दुकानंही बरीचशी त्यांनीच घातली. तिथं सामोसा गेला आणि त्याचं सार झालं: गरम सामोसे कुस्करून चिंचेच्या आंबट पाण्यात, वर कोबी, पुदिना, उकडलेले चणे. हा पदार्थ नंदुरबारच्या बसस्टँडावर पहिल्या दिवसापासून खपेल, कारण कटवड्यातल्या रस्सा-वड्याची सवय जिभेला आहेच. न्याहारीला मोड आणून उकडलेले वाटाणे नानबरोबर. तेही मटकी-उसळीच्या मुलखात परकं नाही. तिथली एक पद्धत मात्र आणू नये: पोऱ्याला बोलवायला गिऱ्हाईक ओठांनी चुंबनासारखा आवाज काढतं. रंगूनमध्ये कुणाला काही वाटत नाही. इथं मारामारी होईल.

पैशाचा हिशेब इतर कुठल्याही हॉटेलासारखाच. कच्च्या मालावर विक्रीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेलं की मालक काळजीत पडतो. उरलेल्यात भाडं, पगार, गॅस, नासाडी. बर्मी ताटात कच्चा माल स्वस्त आणि मजुरी जास्त, त्यामुळे मोठ्या शहरापेक्षा लहान गावात हे गणित खरं तर सोपं सुटावं. अवघड आहे ते गिऱ्हाइकाचं परत येणं. मुंबईत रोज नवा माणूस कुतूहलानं दारात येतो. लाखाच्या गावात कुतूहल दोन महिन्यांत संपतं, त्यानंतर तोच वकील, तोच शिक्षक, तोच मिरचीचा अडत्या आठवड्यातून दोनदा आला तरच गल्ला भरतो. तो येईल ते चहा, सामोशाचं सार आणि गरम तोफूसाठी. लाफे तो महिन्यातून एकदा मागवेल, पाहुणा आला की.

पाटीवर काय लिहायचं हाही प्रश्न क्षुल्लक नाही. ‘शान तोफू’ लिहिलं तर मागवणारा घाबरेल, ‘पातोडी’ लिहिलं तर म्हणेल घरी खातोच की. ‘बर्मी पातोडी’ हा मधला मार्ग. सुरतेनं हा घोळ आपोआप सोडवला. खाउस्वेचा खावसा होऊ दिला आणि पुढचं विचारलंच नाही.

लाफेविषयी गिऱ्हाइकाला एक सूचना मात्र द्यावी लागेल. ती पानं शेवटी चहाचीच आहेत. रात्री नऊ वाजता बशीभर खाल्ली तर दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. ब्रह्मदेशात परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी याचसाठी ती खातात, आणि रात्र-रात्र चालणाऱ्या ‘झा-प्वे’ या संगीत नाटकाला जाताना प्रेक्षक लाफेचा डबा बरोबर घेतात, पहाटेचा प्रवेश चुकू नये म्हणून. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सोंगाड्या पार्टीचे खेळ असेच उजाडेपर्यंत रंगतात, आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली की घोड्यांच्या बाजाराशेजारी माणसं थंडीत रात्र जागवतात. तिथल्या चहाच्या पालात, किटलीशेजारी, एक डबा या पानांचाही मावेल.